मुखपृष्ठावरचे डोळे

"डोळे उघडे पाहिजेत," पडद्यावर बोट टेकवत सुकदेवभाऊ म्हणाले. "मुखपृष्ठावर झोपलेली बाई पाहून कोण अंक उचलेल, प्रेमराज?"

"झोपलेली नाही, भाऊ. गातेय."

"ते तुला ठाऊक अन् मला ठाऊक. धुळ्याच्या स्टँडवर उतरलेल्या माणसाला कोण सांगेल? तू उभा राहशील का तिथं, भोंगा घेऊन?"

पडद्यावर झुंबरबाईंचा चेहरा होता. शिंदखेड्याच्या झुंबरबाई, वय अंदाजे बहात्तर. हळदीच्या दिवशी जात्यावर म्हणायची अहिराणी गाणी त्यांच्याइतकी पाठ असलेले माणूस 'तापीसूर' मासिकाला अद्याप भेटलेले नव्हते. सुकदेवभाऊ त्या मासिकाचे मालक-संपादक आणि प्रेमराज गेली चौदा वर्षे त्याचा मांडणीकार. हा अंक चालला नाही तर मासिक बंद करायचे, असे भाऊंनी दिवाळीतच सांगून ठेवले होते.

प्रेमराजला वाद घालता येईना, कारण पुरावा त्याचाच होता. भौतिकशास्त्रात पदवी घेतलेला हा माणूस, 'लोकांना काय आवडते' या विषयावरच्या गप्पांना कंटाळून, तीन वर्षांपूर्वी सलग पाच रविवार जळगावच्या स्टँडवरील एका स्टॉलसमोर वही घेऊन बसला होता. दोरीवर अंक एकावर एक चढवून लावतात. त्यामुळे प्रत्येक अंकाचा फक्त वरचा चार बोटांचा पट्टा दिसतो. म्हणून नाव त्या पट्ट्यात हवे आणि चेहऱ्याचे डोळेही त्याच पट्ट्यात. पिवळ्या रंगाशी माणूस थबकतो. वाद्याच्या चित्राशी जवळपास कुणी थबकत नाही. बघणाऱ्याकडे थेट पाहणारे डोळे असले तर माणूस सरासरी चार सेकंद थांबतो. नसले तर दीड. नमुना लहान आहे, स्टॉल एकच आहे, सबब निष्कर्ष तात्पुरता समजावा, असे त्याने तक्त्याखाली बारीक अक्षरांत लिहिले होते. तो तक्ता भाऊंनी मोठा करून कार्यालयात लावला. बारीक अक्षरे कातरीत गेली.

"तक्त्यात काय लिहिलंय?" भाऊंनी विचारले.

"मी तिला शब्द दिलाय, भाऊ."

"मग असं कर, स्टुडिओतल्या नीलेशला दे. तो पाच मिनिटांत कुठल्याही पोरीचे डोळे चिकटवून देतो."

शब्द दिला होता, हे खरे होते. शिंदखेड्यात झुंबरबाईंच्या ओसरीत दीड तास छायाचित्रे काढूनही डोळे उघडे असलेले एकही मिळाले नव्हते. त्याने एकदा सुचवून पाहिले.

"अक्का, एक ओळ माझ्याकडे बघून म्हणा ना."

"देख भाऊ, डोया उघडात का गानं उडी जास," त्या डोळे मिटूनच म्हणाल्या. "मांगे एक जन असाच उनता. 'आठे देख, तठे देख' करी करी त्यानी मना बठ्ठा शब्द भुलाडी टाकात. तू फोटू काढ, पन डोया मिटेलच ऱ्हाऊ दे. तशी शे तशीच छाप."

त्यांची सून पुनम आतून चहा घेऊन येत म्हणाली, "लगीनमा नवरदेव समोर उना तरी डोया नही उघडतीस ह्या!"

"त्याले काय देखानं?" झुंबरबाई म्हणाल्या. "बठ्ठा नवरदेव सारखाच दिखतस."

'तशीच छापतो, अक्का,' असे तो तेव्हा हसता हसता म्हणाला होता.

नीलेशला काम देण्यापेक्षा ते त्याने स्वतःच केले. तयार छायाचित्रांच्या साठ्यातले डोळे त्या चेहऱ्यावर बसेनात. सगळे तरुण, सगळे खूश. म्हाताऱ्या बाईचे पुरेसे मोठे आणि स्पष्ट छायाचित्र त्याच्या संगणकात एकच होते: आईचे. तिच्या वर्षश्राद्धाच्या जाहिरातीसाठी त्यानेच ते साफ केले होते. निवडीचे कारण त्याने स्वतःला तांत्रिकच सांगितले. दोन्ही छायाचित्रांत प्रकाश डावीकडून येत होता. पापण्यांच्या कडा जुळवायला चाळीस मिनिटे लागली. भाऊ म्हणाले, "आता कसं! बाई बोलायलाच लागली."

अंक निघाल्यावर पहिली प्रत द्यायला तो शिंदखेड्याला गेला. पुनमने अंक पाहिला आणि हरखून म्हणाली, "आत्याबाई, कशा झकास दिखी ऱ्हायन्यात!"

झुंबरबाईंनी अंक उजेडात धरला. जवळ नेला, लांब नेला.

"ही गाई नही ऱ्हायनी," त्या म्हणाल्या. "ही कोनी तरी वाट देखी ऱ्हायनी."

तक्ता, स्टॉल, चार सेकंद यांपैकी काहीच त्या ओसरीत सांगण्याजोगे नव्हते.

"डोया कोना शेत?" झुंबरबाईंनी विचारले.

"मनी मायना," तो म्हणाला. घरची बोली त्याच्या तोंडी बऱ्याच वर्षांनी आली होती.

"शे का ती?"

"नही. दोन वरीस व्हयनात."

झुंबरबाईंनी पदराच्या टोकाने मुखपृष्ठ एकदा पुसले, फक्त वरचा भाग. मग अंक पालथा घालून मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, "मंग ऱ्हाऊ दे. तिले काय बोलू?"

त्याला आणखी बोलणी खावी लागली असती, तर बरे झाले असते.

परतीच्या वाटेवर धुळ्याच्या स्टँडवर बस बदलावी लागते. फलाटाच्या टोकाला स्टॉल होता. 'तापीसूर'चा गठ्ठा नुकताच सोडलेला असावा. स्टॉलवाल्याने दोरीवर अकरा प्रती एकावर एक चढवून लावल्या होत्या. प्रत्येकीचा वरचा चार बोटांचा पट्टा तेवढा दिसत होता. पिवळ्या रंगात नाव, आणि नावाखाली आईचे डोळे. अकरा वेळा. त्याने आखून दिलेल्या जागी, बरोबर.

एक गृहस्थ पिशवी सांभाळत जाता जाता थबकले. प्रेमराजचे लक्ष सवयीने घड्याळाकडे गेले.

एक, दोन, तीन, चार.

गृहस्थांनी अंक ओढून घेतला. मागचा अंक पुढे सरकला.