तंबाखूचा रकाना

रायपूर राजधानी झालं तसे शंकर नगरात दवाखाने उगवले आणि त्यातल्याच एकात गरोदर बायकांचे फॉर्म भरायची नोकरी मला मिळाली. वय, वजन, रक्त, आधी गर्भ पडला होता का, तंबाखू. कोणत्या बाईला वेळेआधी बाळंत होण्याचा धोका आहे ते डॉक्टरीणबाई यावरून ओळखायच्या. करुणा वहिनीचा फॉर्मही मीच भरला. तंबाखूपुढे ‘नाही’ लिहिलं, तेही तिला न विचारता. घरच्या माणसाला काय विचारायचं!

वहिनी गुडाखू घासायची. बीरगावात आमच्या पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली, कोणती बाई घासत नाही? मशेरीचीच ती बहीण, तंबाखू आणि गुळाची. पण आमच्या लेखी ते दंतमंजन. नागपूरहून लग्न होऊन आली तेव्हा वहिनीला त्याचा वासही सहन व्हायचा नाही. तिसऱ्या महिन्यात ओकाऱ्या थांबेनात, तेव्हा माझ्या आईनंच डबी पुढे केली. "घास वं पोरी, मळमळ बसते." मग दिवसातून चारदा, पाचदा. मीही तिच्याच डबीत बोट घालायची.

सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या. मुलगी झाली, नऊशे ग्रॅमची. दोन दिवस काचेच्या पेटीत धडपडली आणि गेली.

डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. "फॉर्म में तो सब ठीक है. तंबाकू, गुडाखू, कुछ तो लेती होगी?"

ते दोन शब्द एका दमात ऐकले आणि मला फॉर्मवरचं माझंच ‘नाही’ आठवलं.

"नहीं मॅडम," मी म्हणाले. नोकरी जाईल, आईवर येईल, एवढंच सुचलं. किती हलकट असावं माणसानं!

पाचव्या दिवशीही घरी आईचं तोंड सुरूच होतं. "मी सांगून राहिली होती, स्कूटरवर बसू नको म्हणून. कोनाचं आयकते का हे? खाल्ली माही नात!" माझा भाऊ धर्मपाल भिंतीकडे तोंड करून बसला होता.

वहिनीनं माझा हात धरला. "दीदी, तुमी दवाखान्यात काम करता. खरं सांगा, स्कूटरनंच गेली का माही पोट्टी?"

आई माझ्याकडे पाहत होती.

"हव वहिनी," मी म्हणाले. "त्यानंच."

वहिनीनं डोळे पुसले. "पुढच्या खेपेला पायीच जाईन," ती म्हणाली.