राक्षसाला नोटीस

कायद्याच्या चौथ्या वर्षाला बौद्धिक संपदा हा विषय आला आणि मला जिथं तिथं चोऱ्या दिसायला लागल्या. हरमलच्या किनाऱ्यावर खाण्यापिण्याची शॅक चालवणाऱ्या एकाने शेजारच्या शॅकचं नाव उचललं, तर मी तिथंच त्याला कलमं ऐकवली. मग एक दिवस चोरी थेट आमच्याच घरात झालेली सापडली.

माझे बाबा, सगुण, पेडण्यातले दशावतारी. राजाची भूमिका त्यांची. रणात निघालेला राजा आईचा निरोप घेतो, ते त्यांचं भाषण ऐकून पुढच्या बायका पदर डोळ्यांना लावतात. तेच भाषण, शब्द न् शब्द, भिकाजीकाका एका व्हिडिओत करत होते! भिकाजीकाका बांद्याचे, एरवी राक्षस करणारे, बाबांचे वीस वर्षांचे दोस्त. दोस्त म्हणून काय झालं? वकील व्हायला अजून वर्षभर होतं, तरी मी नोटीस ठोकली. ‘सदर मजकूर आमच्या अशिलाचा असून पंधरा दिवसांच्या आत त्याचा वापर थांबवावा. अन्यथा होणाऱ्या परिणामांस आपण सर्वस्वी जबाबदार राहाल.’ रजिस्टर पोस्टाने. अशिलाला न विचारता.

मोठ्या फुशारकीने बाबांना सांगितलं, तर त्यांनी कपाळावर हात मारला. “अगो, ह्या काय केलंस? ता भाषण मी भिकाजीच्याच तोंडातसून उचललंय! तेणी खंयसून उचलल्यान, ता तेका ठावक.”

दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, उभ्या उभ्या सुचतात. एकाला सुचलं ते दुसरा घेतो, वर आपली फोडणी देतो. लहानपणापासून बघत आलेली ही गोष्ट मी पुस्तकाच्या नादात साफ विसरले होते.

बाबांनी फोन लावला. भिकाजीकाकांनी उचलला नाही. आठवड्यावर आमच्या गावची जत्रा, आणि राजासमोर राक्षस तेच. मी माफीचा मेसेज पाठवला. त्यावर निळ्या खुणा उमटल्या, उत्तर नाही. बाबांचं जेवणात लक्ष नव्हतं. वीस वर्षांची दोस्ती मी एका कागदावर मोडली होती. मला रडू यायचंच बाकी होतं.

जत्रेला भिकाजीकाका आले. थेट तोंडाला रंग लावायला बसले. बाबांकडे बघितलंसुद्धा नाही.

पडद्यामागून आरोळी आली. राक्षस बाहेर आला, तलवार जमिनीला टेकवून गरजला, “राजा! सदर राज्य आमचे असून पंधरा दिवसांच्या आत खाली करावे! अन्यथा होणाऱ्या परिणामांस आपण सर्वस्वी जबाबदार राहाल!”

लोक हसून हसून लोटपोट. बाबांनी क्षणभर मिशी चाचपली. “दैत्या, रजिस्टर पोस्टाने आली असती तर उत्तर दिलं असतं. तोंडी नोटीस आम्ही घेत नाही!”

मग दोघे असे काही जुंपले की लढाई पाऊण तास लांबली. मी हसत होते आणि डोळे पुसत होते.

खेळ संपल्यावर भिकाजीकाका बाबांच्या खांद्यावर हात टाकून चहा पीत बसलेले. मी समोर जाऊन उभी राहिले.

“काय गो बाय, आता माझ्यार केस करतलंस?”

“करणारच काका. यावेळी मजकूर खरंच माझा होता, लेखी पुराव्यासकट.”

“मगे आणखी एक लिवन दी,” ते म्हणाले. “सोमवारी बांद्याक खेळ आसा.”