एकाच शालीचे तीन सत्कार

मी सत्काराची शाल बोलतेय. थंडीची शाल वेगळी आणि मी वेगळी. थंडीची शाल घेताना लोक तिला गालाला लावून बघतात. मला घेणारा फक्त एवढंच विचारतो, फोटोत उठून दिसेल ना?

माझा जन्म कुठल्याशा परमुलखातल्या यंत्रमागावर झाला. लोकर नावाला, बाकी सगळा चकचकाट. तिथून गठ्ठ्यात बांधून कोल्हापुरात आले आणि महाद्वार रोडवरच्या एका दुकानात फेटे, टोप्या नि सन्मानचिन्हं यांच्या शेजारी बिऱ्हाड केलं. दुकानदार गिऱ्हाइकाला आधी विचारायचा, सत्कार पुढाऱ्याचा की मास्तरचा? मास्तरचा म्हटलं की त्याचा हात खालच्या फळीकडे जायचा. मी खालच्या फळीवर होते.

शिक्षकदिनाला मला कुरुंदवाडजवळच्या एका गावातल्या हायस्कूलात नेलं. संस्थेचे अध्यक्ष हंबीरराव भाषणाला उभे राहिले. गुरू आईबापांपेक्षा मोठा, देवापेक्षा मोठा, असं करत करत त्यांनी गुरूला पार आभाळात नेऊन बसवलं. ज्यांचं कौतुक चाललं होतं ते प्रसेनजीत सर तेव्हा खाली उकिडवे बसून माइकची वायर धरून होते, कारण ती सोडली की आवाज जायचा. मग त्यांना वर बोलावलं. हंबीररावांनी मला त्यांच्या खांद्यावर टाकलं आणि कॅमेऱ्याकडे बघितलं. तेवढा वेळ माइक बंद होता. सरांनी मला काढून घडी घातली आणि ते पुन्हा वायर धरायला गेले.

घरी त्यांची आई होती, तानूबाई. नवरा लवकर गेला तेव्हापासून लोकांच्या रानात तण काढायला, भांगलणीला जाऊन तिनं पोराला बी.एड. केलं होतं. पोरगा मास्तर झाला त्या दिवशी तिनं खुरपं आढ्याला खोचलं, पुन्हा काढायचं नाही म्हणून. आम्हा सत्काराच्या शालींचं नशीब तिला ठाऊक असावं. आज एकाच्या खांद्यावर, उद्या तीच घडी दुसऱ्याच्या. तिनं माझ्या कोपऱ्यात निळ्या धाग्याचे चार टाके घातले.

"ही कुणाला द्यायची न्हाय," ती सरांना म्हणाली. "माझ्या लेकराला मिळाल्या."

मला भरून आलं. आपल्याला कुणी जपून ठेवेल असं दुकानात स्वप्नातही आलं नव्हतं.

ट्रंकेत बसून मी त्या घराचं सगळं ऐकलं. शाळा विनाअनुदानित होती. सरकारचं अनुदान आलं की पगार सुरू होईल, हे ऐकता ऐकता सरांच्या कानावरचे केस पिकायला लागले. पहाटे ते डेअरीत दूध मोजायचे, मग शाळा, मग शिकवण्या, आणि जेवण झाल्यावर मोबाइलवर शाळेची कसली कसली माहिती भरत बसायचे. लग्नाची बोलणीही यायची. पाव्हणे चहा पिऊन विचारायचे, मास्तर पर्मनंट हायत न्हवं? होतील की, असं तानूबाई म्हणायची, आणि पाव्हणे चप्पल शोधायला लागायचे. माणसांची मला मोठी गंमत वाटते. वाटेत मास्तर दिसला की वाकून नमस्कार करतात, आणि मुलगी द्यायची वेळ आली की कारखान्यातला शिपाई बरा म्हणतात.

शेवटी यंदा अनुदानाची फाईल हलली. फक्त पट भरायला हवा होता, म्हणजे वर्गात ठरल्याइतकी मुलं हवी होती. त्यात एक मूल कमी पडत होतं. ते मिळालं नाही तर तुकडी बंद आणि तुकडीबरोबर सरही घरी. म्हणून भर मे महिन्यात सर दारोदार फिरत होते. पूर्वी आईबाप पोराला हाताला धरून शाळेत आणायचे, आता मास्तरच पोरं मागत हिंडतात.

गावात नेमगोंडा पाटील वजनदार बागायतदार. त्यांची नात ऐश्वर्या नेमकी त्या वर्गात बसणारी होती. सर कितीतरी खेपा घालून आले, पाटील फक्त बघू की म्हणायचे. शेवटच्या खेपेला सरांनी ट्रंक उघडली. तानूबाई नळावर गेली होती. सत्कार केला की मोठा माणूस विरघळतो, हे त्यांनी संस्थेत इतकी वर्षं बघितलं होतं. त्यांनी मला पिशवीत घातलं आणि हात माझ्यावर तसाच राहू दिला.

पाटलांच्या घरी बाहेरच्या सोप्यात सर म्हणाले, शाळेतर्फे आदर्श पालक म्हणून तुमचा सत्कार आहे. त्यांनी मला पाटलांच्या खांद्यावर घातलं आणि वाकले. ज्यांच्या पाया पडायचं म्हणून भाषणं होतात, ते माझ्या डोळ्यांदेखत कुणाच्या तरी पाया पडत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाटलांनी मला नीट सारखं केलं, घरातल्या पोराकडून फोटो काढून घेतला आणि मग म्हणाले, "मास्तर, तुमी मानूस चांगलं हायसा. पर पोरीचं नाव पाडव्यालाच इंग्लिश मीडियमला घातलंय. बस दारात येती त्यांची."

सर हरकत नाही म्हणाले आणि निघाले. मला परत मागून घ्या, असं मी ओरडत होते. पण दिलेली शाल कोण मागतं?

पाटलांच्या कपाटात माझ्यासारख्या शालींचा ढीग होता. तिथं पडल्या पडल्या मी तुकडी बंद झाल्याचं ऐकलं. काही दिवसांनी पुन्हा शिक्षकदिन आला. हंबीररावांनी पाटलांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं होतं, आणि शाल मी आणतो असं पाटील मोठेपणानं बोलून गेले होते. त्यांच्या सुनेनं ढिगातली वरची उचलली. ती मी होते.

कार्यक्रम प्रसेनजीत सरांच्या सत्काराचा होता आणि निरोपाचाही. हंबीररावांनी गुरूला पुन्हा आभाळात नेलं. वायर आता दुसरे एक सर धरून बसले होते. पाटलांनी मला सरांच्या खांद्यावर टाकलं. पदर सावरताना सरांचं बोट त्या चार टाक्यांवर गेलं आणि तिथंच थांबलं. त्यांनी पाटलांकडे बघितलं. पाटील कॅमेऱ्याकडे बघत होते.

मी घरी आले. तानूबाईनं माझा कोपरा चाचपला आणि तिचा चेहरा उजळला. शाल शाळेच्या कपाटात मांडून ठेवलीय, असं सरांनी तिला सांगितलं होतं.

"बरं झालं आनलीस," ती म्हणाली. "कपाटात कसर लागली असती."

"आई," सर म्हणाले, "उद्यापास्नं शाळा न्हाय."

तानूबाई उठून पाटावर चढली, आणि तिनं आढ्याचं खुरपं काढलं.

आता रानात मी तिच्या डोक्याला बांधलेली असते. सर अजून शाळांचे उंबरे झिजवतात. उसाच्या पाल्यानं माझा चकचकाट गेला, दोरे निघाले, निळे टाके तेवढे शाबूत आहेत. पुढच्या शिक्षकदिनाला तुम्ही आमच्यातली एखादी घ्यायला दुकानात जाल. पदर पसरून सांगते, घेऊ नका. मास्तरला खरंच मोठं मानत असाल तर आपलं एखादं मूल त्याच्या वर्गात बसवा.

परवा बांधावर एका बाईनं तानूबाईला विचारलं, एवढी भारी शाल उसात कशाला गं?

"माझ्या लेकाची हाय," तानूबाई खुरपं न थांबवता म्हणाली. "मास्तर हाय त्यो."