गोमुखीतली शिवकन्या

मारुतीच्या पारासमोर मुंगीला शिरायला वाट नव्हती. जिंतूरहून येलदरीला जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव. एवढी माणसं इथं एरवी निवडणुकीच्या जेवणालाच जमत. आज बाया पोरं काखेत मारून उभ्या होत्या, म्हातारे चपला काढून बसले होते आणि सगळ्यांचे हात जोडलेले होते. कुणापुढं? तर एका लॅपटॉपपुढं.

पाटावर लाल कापड, कापडावर लॅपटॉप, त्याच्या निळ्या पडद्याला हळद-कुंकवाची बोटं, बटणांच्या फटींत तांदूळ. शेजारी नारळांची रास. आणि राशीमागं, भगव्या शालीत, विद्युतानंद महाराज.

"अठ्ठेचाळीस!" महाराज गरजले. "मशीन काय मागायलंय? अठ्ठेचाळीस अंक! सहा-सहाचे आठ गट. आठ म्हणजे अष्टदिशा, सहा म्हणजे षड्रिपू. म्हणून अठ्ठेचाळीस नारळ. हे मी न्हाई सांगायलो, ब्रह्मांडाचा सर्व्हर सांगायलाय!"

माणसांनी माना डोलावल्या. सर्व्हर नावाची एक वस्तू असते आणि ती कुणाचं ऐकत नाही, एवढं गावाला पक्कं ठाऊक होतं.

हे महाराज पूर्वाश्रमी परभणीत घराघरांवर टीव्हीच्या छत्र्या बसवत. छत्र्यांचा धंदा बसला तसं त्यांना एकाएकी वैराग्य आलं, आणि वैराग्याबरोबर एक जुना लॅपटॉपही आला.

गर्दीच्या मागं निकिता एसटीतून उतरून तशीच उभी होती. काखेत दहा महिन्यांची ओवी, खांद्याला लंगोटांची पिशवी. गंगाखेडला ती संगणकाचे वर्ग घ्यायची. पाटावर कुंकू लावून ठेवलेला लॅपटॉप तिच्या थोरल्या बहिणीचा होता.

शिवकन्या गावातल्या शाळेत शिकवायची. शाळा बंद होत्या त्या काळात तिनं ह्याच लॅपटॉपवर पोरांसाठी धडे, कविता, पाढे बोलून ठेवले. पुढंही ती सवय राहिली. मग पोटी ईश्वरी आली आणि ती आठ महिन्यांची असताना शिवकन्या डेंग्यूनं गेली. तिचा नवरा भागवत रोज शेतातून आला की हातपाय धुऊन एक धडा लावायचा. तीन वर्षांच्या ईश्वरीला आईचा चेहरा आठवत नव्हता, पण दोनाचा पाढा तिला आईच्या आवाजात पाठ होता.

मागच्या महिन्यात लॅपटॉप बंद पडला. दुकानदारानं आतला मुख्य बोर्ड बदलून दिला. घरी येऊन चालू केला तर हा निळा पडदा: अठ्ठेचाळीस अंकी किल्ली टाका. दुकानदारानं हात वर केले आणि महाराजांचा पत्ता दिला. महाराज म्हणाले, घरात दुसऱ्या लग्नाची बोलणी निघाली म्हणून शिवकन्येचा आत्मा रुसलाय आणि मशीनला आतून कडी लावून बसलाय. सुटका एकच. नारळ वाहायचे आणि लॅपटॉप येलदरीच्या पाण्यात सोडायचा.

आज दुपारी. जीप पाराच्या बाजूला उभी होती.

"दाजी, मला फोन तर करायचा," निकिता गर्दीतून वाट काढत भागवतजवळ पोचली. "पाण्यात सोडला की संपलं. त्यात ताईचा आवाज हाय. दुसरीकडं कुठंच न्हाई."

भागवतची दाढी वाढली होती. "म्या काय करू, निकिता? लग्नाचं बोलणं घरातच झालं व्हतं. ह्यांनी न विचारता सांगितलं. आन् तिचा आवाज... तू ऐक आधी."

महाराजांच्या मागं एक दुसरा लॅपटॉप होता, काळ्या कापडाखाली झाकलेला. त्याला 'माध्यम' म्हणायचं. महाराजांचा उजवा हात गोमुखीत, म्हणजे जपमाळेच्या पिशवीत. आत मणी फिरत होते. डोळे मिटले. "शिवकन्ये, आलीस का?"

कापडाखालून बाईचा आवाज आला. संथ, सपाट, रेल्वेच्या घोषणेसारखा. "मी आले आहे. मला फार कोंडल्यासारखं होतं. मला पाण्यात मोकळं करा."

गर्दीतून हुंदका फुटला. तो भागवतच्या आईचा, कस्तुराबाईंचा. "माय व माय! माझी सून! पर तू अशी काय बोलायलीस गं? बामणाच्या कथेवानी?"

"आत्म्याला बोली नसती, आजी," महाराजांनी डोळे न उघडता सांगितलं. "वर सगळं शुद्ध असतं."

तेवढ्यात कापडाखालून तोच आवाज, कुणी न विचारता म्हणाला, "बैटरी कम है. कृपया चार्जर लगाएँ."

लाइट सकाळपासून गेलेली होती.

"हिंदी?" उपसरपंच बालाजी पाटील पुढं झाला. "शिवकन्या वयनी हिंदी कवापासून बोलायल्या?"

"प्राणशक्ती कमी झाली असं ती म्हणायली!" महाराज कडाडले. "बॅटरी म्हणजे प्राण! चार्जर म्हणजे भक्ती! शब्दाच्या आतलं बघावं, पाटील!"

आणि काय सांगावं, माणसांनी ते मान्य केलं. चार बायांनी तर आणखी चार नारळ आणून ठेवले, भक्ती वाढावी म्हणून.

निकिताला मात्र आता सगळं कळलं होतं. अंध मुलांना संगणक वापरता यावा म्हणून पडद्यावरची अक्षरं वाचून दाखवणारा आवाज प्रत्येक संगणकात आतच बसवलेला असतो. तीन बटणं एकत्र दाबली की तो सुरू होतो, आणि बॅटरीची ती हिंदी सूचनाही त्यानंच वाचली होती. ती वर्गात दर वर्षी शिकवायची. अंधांच्या हातची काठी ह्या माणसानं चोरली होती आणि तिनं डोळसांना हाकत होता. तिला राग आला, पण रागानं काही होणार नव्हतं. ही माणसं रागावलेल्या बाईला 'अंगात आलं' म्हणाली असती.

प्रश्न एवढाच होता की कापडाखालचं बटण कोण दाबतंय? महाराजांचा डावा हात मांडीवर. उजवा गोमुखीत.

निकितानं पदर डोक्यावर घेतला. "महाराज, माझ्या लेकीला आशीर्वाद द्या. मी शिवकन्येची बहीण."

"कल्याण होईल, कल्याण," महाराजांनी डावा हात पुढं केला.

"एका हाताचा न्हाई, महाराज. लेकराला मांडीवर घेऊन दोन्ही हात डोक्यावर ठेवायचे असतात. आमच्यात एका हाताचा आशीर्वाद मयताला देतात."

असली काही रीत नव्हती. पण कस्तुराबाईंनी लगेच री ओढली, "व्हय व्हय, दोन्ही हात ठेवा. तान्हं लेकरू हाय." दहा बाया म्हणाल्या, व्हय. न पाहिलेल्या रीतीला होकार द्यायला गावाला कुठं वेळ लागतो!

महाराजांचा नाइलाज झाला. उजवा हात गोमुखीतून बाहेर आला, गोमुखी मांडीवर राहिली आणि तिच्याशेजारी ओवी बसली. ओवीला त्या दिवसांत दात येत होते. हाताला लागेल ते तोंडात जायचं. तिनं महाराजांच्या दाढीकडं बघितलं, ती काही फारशी आवडली नाही, मग दोन्ही मुठींनी गोमुखी उचलली आणि हिरड्यांखाली धरून कचाकच चावायला लागली.

"मला पाण्यात मोकळं करा," आत्मा बोलला.

महाराजांचे हात हवेतच राहिले.

"इथं थांबायचं," आत्मा पुढं म्हणाला, तितक्याच संथ, सपाट आवाजात. "म्हातारीला रडू द्यायचं. मग पुढची ओळ. भागवत, माझी साडी महाराजांना दान कर. म्हातारीनं बांगड्यांचं विचारलं तर खालची ओळ. मला नारळ पोचले. मला नारळ पोचले. मला नारळ पोचले."

ओवी खुशीत हसली आणि दुसऱ्या बाजूनं चावायला लागली.

"इथं थांबायचं. म्हातारीला रडू द्यायचं."

पार एवढा शांत झाला की जीपच्या टपावर बसलेल्या कावळ्याची नखं ऐकू आली. कस्तुराबाई उठल्या. डोळे कोरडे झाले होते. "कोण म्हातारी?" त्या म्हणाल्या. "मी का रं, भाड्या?"

महाराज गोमुखी ओढायला गेले. ओवीनं ती सोडली नाही. शेवटी शिवण उसवली आणि मण्यांबरोबर तळहाताएवढं एक काळं यंत्र पारावर पडलं. चार बाण आणि अंकांची बटणं. बिनतारी कीबोर्ड.

निकितानं काळं कापड ओढलं. माध्यमाच्या पडद्यावर ओळीनं सगळं लिहून ठेवलेलं होतं. "बघा सगळे. खालचा बाण दाबला की पुढची ओळ वाचली जाते. आत कुणी बसलेलं न्हाई. पाटील, तुमी लिहा काय वाटंल ते."

बालाजीनं एका बोटानं, बराच वेळ लावून, काहीतरी टंकलं. मग स्वतःच बाण दाबला. बाईचा आवाज म्हणाला, "बालाजी पाटील लय हुशार हायत."

हसण्याचा असा लोट उठला की म्हाताऱ्यांनी चपला शोधायला सुरुवात केली. त्यातल्या काही महाराजांच्या दिशेनं उडाल्या, पण महाराज तोवर पाराच्या वडापलीकडं पोचले होते. अंतर्धान पावण्याची सिद्धी तेवढी त्यांना खरंच होती.

"पण निकिता," भागवत हळूच म्हणाला, "त्यांना लग्नाचं कसं कळलं?"

"तुमी कुणाला सांगितलं व्हतं, दाजी?"

भागवत विचारात पडला. "दुकानात तीन तास बसलो व्हतो. मालक चा पाजत, घरचं इचारत व्हता..." महाराजांचा पत्ताही त्या मालकानंच दिला होता.

"त्याला कुलूप उघडता येईना. लॅपटॉप पाण्यात गेला की त्याच्याकडं परत कोण येणार?"

पण गर्दी हलली नाही. बालाजी म्हणाला, "महाराज लबाड, कबूल. कुलूप तर खरं हाय ना? ते कुणी लावलं?"

हा प्रश्न चांगला होता. निकिता पारावर बसली, ओवीला पाजायला घेतलं आणि बोलत राहिली. "लॅपटॉपनंच लावलं. चोरानं नेला तरी आतलं वाचता येऊ नये म्हणून सगळं आधीपासून गिचमीड करून ठेवलेलं असतं. ते सुटं करायची किल्ली बोर्डावरच्या एका चिपमधी असती. दुकानदारानं बोर्ड बदलला, चिप गेली. आता लॅपटॉप म्हणतोय, मी तुला वळखत न्हाई, जादा किल्ली आण. रुसवा न्हाई, राखण हाय."

"आन् जादा किल्ली?"

"ताईनं लॅपटॉप पहिल्यांदा चालू केला तवा तिच्या खात्यात आपोआप जमा झाली असणार." तिचा स्वर उतरला. "पण तिचा पासवर्ड कुणाला ठाऊक न्हाई. नवा घ्यायचा तर तिच्या नंबरवर संदेश येतो. आन् दोन वर्षांत तो नंबर..."

"चालू हाय," भागवत म्हणाला.

सगळे त्याच्याकडं बघायला लागले.

"म्या रिचार्ज करतो. दर महिन्याला." त्यानं मान खाली घातली. "लोक येडा म्हणतील म्हणून सांगितलं न्हाई. कवामवा फोन लावतो. घरात वाजतो. तेवढंच."

कुणी हसलं नाही. कस्तुराबाई स्वतः घरी गेल्या आणि कपाटातून सुनेचा फोन पदरात घेऊन आल्या. निकितानं आपल्या फोनवर शिवकन्येचं खातं काढलं. मिनिटभरानं म्हाताऱ्या फोननं टुणकन आवाज केला. सहा अंक. नवा पासवर्ड. मग किल्ल्यांची यादी. निळ्या पडद्यावर, कुंकवाच्या बोटाखाली, यादीतली कोणती किल्ली लागेल ते सांगणारी आठ अक्षरं होती. निकितानं पदरानं कुंकू पुसलं आणि यादीशी ताडून बघितली. जुळली. ही अक्षरं पहिल्या दिवसापासून तिथंच होती. महाराजांनी त्यांच्यावरच कुंकू थापलं होतं.

भागवत वाचत गेला, निकिता टाकत गेली. सहा-सहाचे आठ गट. अष्टदिशा नाही, षड्रिपू नाही, नुसते आकडे. एकदा चुकलं. तांदळाचा दाणा बटणाखाली अडकला होता. तो काढून पुन्हा. आणि निळा पडदा गेला.

ईश्वरी इतका वेळ आजीच्या लुगड्याला धरून उभी होती. ती पुढं आली आणि सवयीनं लॅपटॉपसमोर मांडी घालून बसली. भागवतनं हाताला आला तो धडा लावला. दुसरीची वजाबाकी.

"चला, बसा रे सगळे," पारावर शिवकन्येचा आवाज घुमला. घाईतला, किंचित चिरका, मागं कुठंतरी कोंबडं आरवत असलेला. रेल्वेच्या घोषणेसारखा बिलकुल नाही. "बावन्नातून सतरा न्यायचे. दोनातून सात जात न्हाईत, मग काय करायचं? दशकाकडून एक उसना घ्यायचा. काहून घ्यायचा? कळलं का? ज्याला न्हाई कळलं त्यानं हात वर करा. लाजायचं न्हाई. न कळता मान हलवली तर मी कान धरीन, सांगून ठेवते."

कुणी डोळे पुसले, कुणी उगाच वडाकडं बघितलं. सकाळपासून त्यांनी एवढ्या माना हलवल्या होत्या, की हिशेब लावला असता तर गावात एक कान शाबूत राहिला नसता.

मग गर्दीतून एक हात वर झाला. सुरकुतलेला, कोपरापर्यंत हिरव्या काकणांचा. कस्तुराबाईंचा.

"मला न्हाई कळलं," त्या म्हणाल्या. "ती चिप का काय म्हणालीस, ते परत सांग, निकिता. सावकाश सांग."

मागून आणखी एक हात वर झाला. मग बालाजीचा. निकितानं झोपलेली ओवी खांद्यावर टाकली आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.

बायांनो, बाप्यांनो, चमत्कार दिसला तर पाया पडायची घाई करू नका. आधी कापड उचला. पिशवीत काय हाय ते बघा. कळलं नाही तर 'कळलं नाही' म्हणा आणि हात वरच ठेवा, समोरचा नीट सांगेपर्यंत. ज्याच्याजवळ खरं असतं तो दुसऱ्यांदाही सांगतो.