गुरुपादकाकांची नजर

"काका, तुमचा अंदाज चुकलेली कुस्ती कुठली?"

मी विचारलं ते भर ओसरीवर, चार माणसं बसलेली असताना. माझ्या मैत्रिणी इरम्मा आणि शरणम्मा दाराआड तोंडावर हात दाबून उभ्या. "तुझ्यात तेवढी हिंमत न्हाय," असं दोघी शाळेतून येताना म्हणाल्या होत्या. हिंमत न्हाय म्हणे! मला!

गावात कुस्तीचे जाणते म्हणून मिरवणाऱ्या गुरुपादकाकांनी विडा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला. "माझी? अगं पोरी, गडी लंगोट कसायला लागला की मला त्याची पाठ दिसती. मातीला लागलेली."

माझ्या अप्पांनी अशी मान डोलवली, जशी पुराणच ऐकताहेत. कळंबच्या जत्रेतल्या तिन्ही नेमलेल्या कुस्त्यांचे निकाल काकांनी त्यांना आधीच कानात सांगितले होते, आणि अप्पा तिन्ही पैजा जिंकले होते. तेवढ्यावर त्यांनी ठरवलं, ज्याला पैलवान कळतो त्याला जावईही कळतो. काकांनी लगेच भूमच्या एका अडत्याचा मुलगा काढला. का, तर त्याची मान भरीव आणि खांदे रुंद! जशी काही मी त्याच्याशी कुस्तीच खेळणार होते. सोमवारी सुपारी फुटायची होती आणि पंधरा दिवसांवर माझी सातवीची परीक्षा.

परसात गेल्यावर इरम्मा म्हणाली, "चुकली न्हाय कशी? आमच्या अप्पांना त्यांनी पहिल्या कुस्तीत सोलापूरच्या गड्यावर लावायला सांगितलं होतं. तो तर उताणा पडला."

"तुला कसं माहीत?"

"अव्वा अप्पांवर चिडून बोलत होती."

मग आम्ही तिघी घरोघर हिंडलो. कुणाकडं विरजण मागायला, कुणाकडं नुसत्याच. काकांची युक्ती अशी होती: कानात सांगण्याआधी समोरच्याला गळ्यातल्या लिंगावर हात ठेवायला लावायचं. "कुण्या गड्याला बोलणार न्हाय, म्हण." आम्हा लिंगायतांत लिंगाची शपथ मोडायची कुणाची छाती होते? हरलेला गप्प, जिंकलेला गप्प. पण बायका काही गडी नव्हेत. त्यामुळं प्रत्येकानं घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं होतं! बायकांना कुणी विचारेल, हे काकांच्या त्या दिव्य नजरेला दिसलं नव्हतं.

संध्याकाळी अप्पा जेवायला बसले, तेव्हा मी समोर जाऊन उभी राहिले.

"अप्पा, पहिल्या कुस्तीच्या आधी काका आठ जणांकडं गेले. चौघांना सांगितलं सोलापूरचा जिंकेल, चौघांना सांगितलं बार्शीचा."

"काय बरळतीस?"

"बार्शीचा जिंकला. हरलेल्या चौघांकडं काका पुन्हा फिरकले न्हाईत. उरलेल्या चौघांत दुसऱ्या कुस्तीला दोघांना एक नाव, दोघांना दुसरं. तिसऱ्या वेळी दोघंच उरले. तुम्ही आणि शरणम्माचे अप्पा. त्यांना उलटं नाव सांगितलं होतं."

अप्पांचा हात ताटातच थांबला. "कुणी सांगितलं तुला?"

"सात घरच्या बायकांनी. आठवं घर सापडलं न्हाय, पण निम्मे-निम्मे करायचे तर ते असणारच."

"मग माझ्या तिन्ही कशा खऱ्या झाल्या?"

"कुणाच्या तरी होणारच होत्या, अप्पा. तुमच्या झाल्या. काकांच्या जागी आपला बैल असता आणि त्यानं नुसती मान हलवली असती, तरी आठांतला एक त्याच्या पाया पडला असता."

"कार्टे! थोरामोठ्यांना बैल म्हणतीस?"

"बैलाला राग येईल, खरं हाय."

अव्वानं पदर तोंडाशी नेला. ती हसली की घाबरली, मला कळलं नाही. मग हळूच म्हणाली, "अहो, शेजारची नागूबाई मलापण हेच म्हणाली. तुमच्या म्होरं बोलायचा धीर झाला न्हाय."

"पोरगा चांगला असंलही," अप्पा अखेर पुटपुटले.

"असंल की. वाईटही असंल. काकांना त्यातलं काय ठाऊक? त्यांनी आणखी किती घरी किती पोरं सुचवलीत ते विचारा."

अप्पांनी ताट बाजूला सारलं.

"अप्पा, अव्वा, सोमवारी सुपारी फुटणार न्हाय. त्या मुलाला मी होकार देत न्हाय. मी परीक्षेला बसणार, आणि पास झाले की धाराशिवला मावशीकडं राहून पुढं शिकणार."