दाबक्यांचा निळा दिवाणखाना

शरच्चंद्र दाबके क्लासला नाव घालायला गेले, तेव्हा टेबलामागच्या मुलीने फॉर्म पुढे ओढून विचारलं, "मुलाचं नाव काय?"

"मुलगा नाही. मीच शिकणार आहे," दाबके म्हणाले.

मुलीने जीभ चावली. ती नम्रता. क्लासमध्ये शिकवायचीही तीच. पंचवीस वर्षांची, यवतमाळकडच्या वणीची, आणि पुण्यात क्लासजवळच सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, पलंगापुरतं भाडं भरून राहणारी. दाबके चौपन्न वर्षांचे. दोन हजार पाच सालातला एप्रिल होता तो.

दाबक्यांनी अठ्ठावीस वर्षं पिंपरीच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून काढली होती. कारखान्यात कॉम्प्युटर आले, ड्रॉइंग बोर्ड गेले, आणि बोर्डांच्या मागोमाग स्वेच्छानिवृत्ती घेऊन दाबकेही घरी आले. नोकरीत असताना संध्याकाळी ते आर्किटेक्ट लोकांना न बांधलेल्या घरांची चित्रं जलरंगात काढून द्यायचे. त्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण आता तेच आर्किटेक्ट म्हणू लागले होते, "दाबके, हातानं काढलेलं कोण बघतं हो? थ्री-डी करून आणा." म्हणून हा क्लास. बारा कॉम्प्युटर, अकरा विशीतली मुलं, आणि बारावे दाबके.

काम साधारण असं असायचं: कॉम्प्युटरमध्ये खोली बांधायची, भिंती, खिडकी, सोफा सगळं मापात. मग खिडकीतून ऊन सोडायचं, दिवे ठेवायचे आणि 'रेंडर' म्हणायचं. मग कॉम्प्युटर तासभर उजेडाचं गणित करत बसतो आणि हुबेहूब फोटोसारखं चित्र काढून देतो. निदान द्यायला हवं. दाबक्यांचा पहिला दिवाणखाना प्लास्टिकच्या भातुकलीसारखा दिसत होता.

"राग नका मानू बरं काका," नम्रता म्हणाली, "पण ही टीपॉयची कड बघा. ब्लेडसारखी झाली आहे. खऱ्या लाकडाची कड एवढी धारदार असते का?"

दाबक्यांनी समोरच्या टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवला, मग खाली वाकून नीट पाहिलं. कडेवर रेघ नव्हतीच. केसाएवढी गोल पट्टी होती आणि तिच्यावर उजेड साचला होता.

"आयुष्यभर मी इथे रेघ मारत आलो, मॅडम," ते म्हणाले.

"मॅडम नका म्हणू ना काका."

"शिकवणाऱ्याला मॅडमच म्हणतात."

त्यांनी सगळ्या कडा घासल्या. दुसऱ्या दिवशी नम्रताने त्यांना क्लासच्या दारात उभं केलं आणि फरशी बघायला सांगितली. पायाजवळची फरशी मंद होती, लांब खिडकीखालची मात्र चकाकत होती. दाबक्यांच्या चित्रात सगळीच आरशासारखी होती. तेही सुधारलं. कवायतीला उभ्या केल्यासारख्या उशा त्यांनी विस्कटल्या. घरी जाऊन सोफ्याची उंची टेपने मोजली, आणि आपला कॉम्प्युटरमधला सोफा चार इंच उंच निघाला म्हणून स्वतःशीच चडफडले. सांगितलेलं ते एका दिवसात करून आणायचे. पोरं त्यांच्या खुर्चीमागे येऊन बघायला लागली.

एक गोष्ट मात्र काही केल्या जमेना. रंग.

"काका, थंड वाटतंय हो. दुपारचं ऊन आहे ना हे? ट्यूबलाइट लावल्यासारखं दिसतंय. भिंत निळी झाली आहे."

"निळी? अहो, स्वच्छ पांढरी आहे. याहून पिवळी केली तर धुराने काळवंडल्यासारखी दिसेल."

नम्रता स्वतः आकडे बदलून ऊन उबदार करून द्यायची. दाबके मान डोलवायचे, आणि ती पलीकडे गेली की त्यांना ते चित्र मळकट वाटायचं. जरासं निवळावं म्हणून ते हात लावायचे, आणि संध्याकाळपर्यंत खोली पुन्हा निळी. असे तीन आठवडे गेले.

मे महिन्यात बद्रीनाथ पानसे क्लासमध्ये आले. हे आर्किटेक्ट. वाघोलीला त्यांच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि कामाला माणसं हवी होती. एकेका स्क्रीनपाशी थांबत ते दाबक्यांपाशी आले. चित्र बराच वेळ पाहिलं.

"मांडणी उत्तम आहे," पानसे म्हणाले. "फक्त एवढं सांगा, हा दिवाणखाना आहे की शवागार?"

पोरं हसली. दाबक्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. पण दुसऱ्या दिवशी ते क्लासला आले नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाही.

रविवारी सकाळी नम्रता त्यांच्या घरी गेली. घर जवळच होतं, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं. दाबक्यांच्या पत्नीने, श्यामलाबाईंनी, दार उघडलं.

"या. गुरुजी आले म्हणून सांगते त्यांना," त्या म्हणाल्या. "तीन दिवस तोंड पाडून बसलेत. घरात शोकसभा आहे नुसती."

दाबके गॅलरीत होते. नम्रताही तिथे गेली आणि बोलता बोलता थांबली. दोरीवर दाबक्यांचे शर्ट वाळत होते. पाच शर्ट, पाचही फिके आकाशी. अंगात होता तोही तसाच.

"काकू," तिने विचारलं, "काकांना हा रंग फार आवडतो का?"

"रंग कसला? पांढरे शर्ट आहेत ते!" श्यामलाबाई आतून म्हणाल्या. "ह्यांना वर्षभर सगळे कपडे पिवळे दिसतात. मी नीट धुत नाही म्हणे. मग स्वतः उठून बादलीत नीळ ओततात. बाटली आठवड्याला संपते."

नम्रता दाबक्यांकडे वळली.

"काका, रात्री समोरून गाडी आली की दिव्याभोवती गोल कडं दिसतं का हो?"

"दिसतं. हल्लीचे दिवेच तसे आहेत."

"माझे बाबा एसटीत ड्रायव्हर आहेत. तेही असंच म्हणायचे. घराला चुना लावून घेतला तर पेंटरशी भांडले, म्हणे पांढरा सांगितला होता, पिवळा काहून लावला? आम्ही सगळे हसलो. एक वर्ष हसलो. मग डेपोच्या तपासणीत कळलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू." तिचा आवाज जरा खाली आला. "काका, तुमचं चित्र चुकत नाही आहे. तुमचे डोळे दाखवा."

दाबके ताठ झाले. "माझे डोळे? अहो, या डोळ्यांनी मी अर्ध्या मिलिमीटरच्या रेघा मारल्यात."

"मारल्यात ना. अजूनही माराल. पण दाखवा."

दोरीवरचा एक शर्ट काढून दाबक्यांनी उन्हात धरला आणि बराच वेळ पाहत राहिले. त्यांना तो पांढराच दिसत होता, थोडा पिवळटच. मग त्यांनी दारात आलेल्या श्यामलाबाईंकडे पाहिलं, नम्रताकडे पाहिलं. दोघींपैकी कोणीही हसत नव्हतं.

"उद्या जाऊ," ते म्हणाले.

डोळ्यांच्या डॉक्टरीण बाईंनी दोन मिनिटांत सांगितलं. दोन्हीकडे मोतीबिंदू, उजवीकडे जास्त. त्याचा रंग पिवळट तपकिरी झाला होता. "रोज केसाएवढा वाढतो," त्या म्हणाल्या, "म्हणून कळत नाही. चहाच्या रंगाच्या काचेतून बघत होता तुम्ही." पुढच्याच आठवड्यात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी सुटली तेव्हा दाबक्यांना आधी दिसला तो बाईंचा कोट. इतका पांढरा रंग जगात शिल्लक आहे हे ते विसरून गेले होते. त्यांना एकदम भरून आलं.

"रडायचं नाही," बाई म्हणाल्या. "डोळ्यात औषध घातलंय, वाहून जाईल."

घरी येईपर्यंत ते एक डोळा झाकून बघत होते, मग दुसरा. डाव्या डोळ्याने भिंत चहात बुडवल्यासारखी, उजव्याने लख्ख. सदाशिव पेठेतला प्रत्येक फलक त्यांनी दोनदा वाचला. घरी दोरीवरचे शर्ट बघून मात्र ते गॅलरीच्या उंबऱ्यावरच बसले आणि पोट धरून हसायला लागले.

"वर्षभर असा हिंडलो मी?"

"दिसत होतात तसे बरे," श्यामलाबाई म्हणाल्या. पण पदर डोळ्याला लावून.

पंधरा दिवसांनी परवानगी मिळताच दाबके काळा चष्मा लावून क्लासला गेले. नम्रताने त्यांचा दिवाणखाना स्क्रीनवर उघडला. त्यांनी चष्मा काढला.

"अरे देवा," ते पुटपुटले. "पानसे सभ्य माणूस आहे. कमीच बोलला."

मग ते कामाला बसले. नम्रता शेजारी होती, पण तिने माऊसला हात लावला नाही. दाबक्यांना आता काही सांगावं लागत नव्हतं. जलरंगात इतकी वर्षं केलेलं त्यांना आठवत गेलं: ऊन पडतं तिथे भिंत उबदार, सावलीत आकाशाचा निळा अंश, आणि लाल सतरंजीजवळच्या भिंतीवर तिची पुसट लाली. सगळं त्यांना येतच होतं. मधे फक्त पडदा आला होता. चार वाजता चित्र पूर्ण झालं. अकरा पोरं खुर्चीमागे उभी होती. कोणीतरी म्हणालं, "काका, हा फोटो आहे." दाबक्यांनी वळून नम्रताकडे पाहिलं. बोलायचं पुष्कळ होतं, पण त्यांना एवढंच जमलं, "मॅडम, तुम्ही रविवारी आला नसतात तर..."

"आले ना पण," ती म्हणाली.

दोन दिवसांनी पानसे पुन्हा क्लासला आले. त्यांनी ते चित्र पाहिलं आणि विचारलं, "दुसऱ्या कोणाकडून करून घेतलंत?"

"हो," दाबके म्हणाले. "कडा, फरशी आणि डोळे, तिन्ही नम्रता मॅडमनी दुरुस्त केले. बाकीचं माझं."

पानसे किंचित हसले. "बाकीचंही बरंच आहे. सोमवारपासून या. या दिवाणखान्यात बसावंसं वाटतंय आता."

त्या रात्री जेवण झाल्यावर दाबक्यांनी कागद घेतला. नम्रताचे आभार तिच्यासमोर मानायला गेलं की ती विषय बदलते, हे त्यांना कळून चुकलं होतं. म्हणून त्यांनी तिच्या वडिलांना पत्र लिहिलं, नकाशावर लिहायचे तशा सुबक, सरळ अक्षरात. 'आपली माझी ओळख नाही. पण आपल्या कन्येने माझ्या चुकीत माझा दोष शोधला नाही, तर त्यामागचं कारण शोधलं. तेही घरी येऊन, माझा मान राखून. अशी मुलगी आपण वाढवलीत, याबद्दल मी आणि माझे कुटुंब आपले ऋणी आहोत. पुण्यात तिचे एक घर आहे, हे आपण धरून चालावे.' श्यामलाबाईंनी वाचलं, आणि नेहमीसारखी एखादी टिपणी न करता पाकिटावर तिकीट लावलं.

दहा दिवसांनी नम्रता धावतच त्यांच्याकडे आली. वणीहून फोन आला होता.

"काका, काय लिहिलंत हो तुम्ही? बाबांनी ते पत्र डेपोत सगळ्यांना वाचून दाखवलं. कंडक्टर, मेकॅनिक, सगळ्यांना! आता शर्टाच्या खिशातून काढतच नाहीत म्हणे."

"बस आधी," दाबके म्हणाले. आज पहिल्यांदाच त्यांनी तिला अगं म्हटलं. "अगं, जेवायला थांबतेस ना? काकूंनी पुरण घातलंय."