स्पंजचा चेंडू सरळ उसळेना

टेकचंद शेठच्या कारखान्याला कारखाना म्हणायचं ते केवळ पाटीवर तसं लिहिलं होतं म्हणून. उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातली एक बराक, वर पत्रा, मागच्या अंगाला लोखंडी भट्टी, आणि गंधकाचा असा वास की रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा पलीकडून जाई. तिथे चपलांचे रबरी सोल होत. सत्तावन्न साली शेठच्या डोक्यात स्पंजचा चेंडू शिरला. मुंबईच्या एका खेळसामानवाल्यानं त्याला विलायती चेंडू कापून दाखवला होता. आतून पावासारखा जाळीदार! अंगावर बसला तरी दुखत नाही, खिडकीवर बसला तरी काच फुटत नाही. शाळा हव्या तेवढ्या घेतील, असं तो म्हणाला. शेठनं आठवड्यात चेंडूचे साचे पाडून आणले.

सगुणाबाई तिथे छाटणीला होती. साच्यातून निघालेल्या मालाची कडेची झालर कात्रीनं कापायची, एवढंच काम. खरवईहून बदलापूर स्टेशन, तिथून अंबरनाथ, पुढे कॅम्पापर्यंत पुन्हा चालत, आणि एवढं करून दारात पोचावं तर शेठ म्हणणार, "आज काम नाही, बाई." छाटणीवाल्यांचं असंच असतं. माल असला तर या, नसला तर आल्या पावली परत. भट्टीवरचा माणूस मात्र कायमचा. त्याचं नाव रजिस्टरात. तो आठ दिवस तापानं झोपला तरी त्याची जागा कोणी घेत नाही. भट्टीवाला नुकताच काम सोडून गावी गेला होता, आणि कमळाकर मिस्त्री मिस्त्रीकाम आणि भट्टी दोन्ही ओढत होता. सगुणाबाईला ती भट्टी हवी होती. बाईनं भट्टीवर बसायची रीत नव्हती, हे तिला ठाऊक होतं. पण रीत काय आभाळातून पडते? कोणीतरी पहिल्यांदा बसतंच की!

आता कमळाकर मिस्त्रीचं ऐका. माणूस वाईट नव्हता, पण दहा वर्षं सोल काढून काढून त्याची मानही सोलासारखी ताठ झाली होती. सोलाचा साचा कसा भरायचा? उतू जाईपर्यंत. जरा कमी पडलं की कोपरा तुटका निघतो. मिस्त्रीनं चेंडूचे साचेही तसेच भरले. मळलेल्या रबरात सोडा घातला, गोळे ठासून कोंबले, साच्यांचे बोल्ट आवळले आणि भट्टीत टाकले. शेठनं सिमेंटच्या जमिनीवर ताट पालथं घालून खडूनं रिंगण आखलं. डोक्याइतक्या उंचीवरून चेंडू सोडायचा. उसळून परत रिंगणात पडला तर पास. पहिला चेंडू दगडासारखा आपटला आणि उसळून थेट पाण्याच्या माठाकडे गेला. दुसरा दाराबाहेर. तिसऱ्यानं शेठच्या नडगीचा वेध घेतला.

"फरशी तिरपी आहे," मिस्त्री म्हणाला.

"नाचता येईना, अंगण वाकडं," सगुणाबाई कात्री चालवता चालवता बोलून गेली.

सगळी बराक हसली. मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग तू काढ ना बाई, तुला येतं तर!"

"काढते," ती उठून उभीच राहिली. "पण शेठ, आताच सांगा. बारा चेंडू लागोपाठ रिंगणात पडले, तर भट्टी माझी. रजिस्टरात नाव."

शेठला गंमत वाटली. "अच्छा साईं, मंजूर! आठ दिन तेरे." सगळ्यांच्या देखत म्हणाला हो, कानात नव्हे.

जेवणाच्या सुट्टीत सगुणाबाई भाकरी बाजूला ठेवून भट्टीपाशी बसू लागली. पहिल्यांदा तिनं मिस्त्रीचा एक चेंडू कापला. आत जाळी नावाला, बाकी सगळा गच्च गोळा. तिला हसूच आलं. अरे, सांदणाची वाटी कोणी काठोकाठ भरतं का? फुगायला जागा नको? तिनं साचा अर्धाच भरला. चेंडू निघाला तो हलका, मऊ, बोटानं दाबला की पुन्हा वर येणारा. तिनं आनंदानं रिंगणात सोडला आणि तो उसळून बाजूच्या पोत्यांवर गेला. मिस्त्री लांबून डबा खात बघत होता. तो नुसता खाकरला. ते खाकरणं तिला शिवीपेक्षा जास्त झोंबलं.

चार दिवस असे गेले. सोडा कमी केला, जास्त केला. एक चेंडू तर साच्यातून निघाल्यावर सुकलेल्या आवळ्यासारखा आकसला. पाचव्या दिवशी तिनं वाकडे उसळणारे सगळे चेंडू कापून ओळीनं मांडले. प्रत्येकाची एक बाजू जाड आणि कडक होती, आणि दुसऱ्या बाजूची जाळी फुललेली. ती तशीच बसून राहिली. मग तिला उमगलं. साचा अर्धा रिकामा, म्हणजे गोळा तळाला पडून राहतो. तळाचं लोखंड तापलेलं. फुगायच्या आधीच त्याची ती बाजू भाजून निबर होते. एका अंगाला निबर झालेला चेंडू सरळ उसळेल कसा?

मग तिनं लांब चिमटा घेतला. साचा भट्टीत ठेवला, शंभर आकडे मोजले, पाव फेरा फिरवला. पुन्हा शंभर, पुन्हा पाव फेरा. धगीनं तोंड भाजून निघालं, मनगटावर हा मोठा फोड आला. मोजताना मध्ये कोणी हाक मारली तर ती ओ देईना. त्या दिवशीचा चेंडू रिंगणातून उठला आणि रिंगणातच बसला. तिनं तो तीनदा सोडून पाहिला. मग तिथेच भिंतीला टेकून ती रडली, आणि कोणी बघायच्या आत पदरानं तोंड पुसलं.

शनिवारी बारा चेंडू सुटले. बाराच्या बारा रिंगणात! अकराव्याला शेठ स्वतः उकिडवा बसून बघत होता. बाराव्याला त्यानं टाळी वाजवली, चेंडू पिशवीत घातले आणि मुंबईची गाडी पकडली. सोमवारी आला तो पन्नास चेंडूंचं काम घेऊनच. व्यापाऱ्याचा माणूस शुक्रवारी माल न्यायला येणार होता.

"बाई, कमाल किया तूने," शेठ म्हणाला. "अब मिस्त्रीको सब सिखा दे. बाई भट्टीवर बसली तर लोक हसतील. छाटणीत मी तुला दर वाढवून देतो."

सगुणाबाईला वाटलं, कात्री फेकावी आणि चालू लागावं. जळला मेला तो दर! पण चालू लागली असती तर शेठ सुटला असता, आणि त्याला असं सुटू द्यायचं नव्हतं. तिनं मिस्त्रीला सगळं शिकवलं, हातचं काही राखलं नाही. गोळा केवढा, सोडा किती, शंभर मोजून पाव फेरा. "शंभर म्हंजे शंभर हां, मिस्त्री. चहा प्यायला जायचं नाय."

"हो हो," मिस्त्री म्हणाला. बायकांचे सोपस्कार, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

गुरुवारी दुपारी पन्नास चेंडू छाटणीला तिच्यापुढे आले. तिनं एकेक करून रिंगणात सोडले. नऊ पास झाले, एक्केचाळीस पळाले.

शेठ दारातून बघत होता. "रहने दे. झालर काट और पेटीत भर. मुंबईत कोण रिंगण काढून बसलंय?"

"पोरं खेळणार ना, शेठ? पोरांना पहिल्या उसळीलाच कळतं."

"तुझं काम काटणं आहे. काट!"

"बरं," सगुणाबाई म्हणाली.

आणि तिनं कापले. झालर नव्हे, चेंडू. मधोमध, कात्री दोन्ही हातांनी दाबून, एकापाठोपाठ एक. शेठ आत जाऊन हिशेबाच्या वहीशी बसला होता. तो बाहेर आला तेव्हा एक्केचाळीस चेंडूंच्या ब्याऐंशी वाट्या रिंगणाभोवती मांडलेल्या होत्या.

"पागल झालीस? निकल! आत्ताच्या आत्ता निकल!" शेठचा आवाज शेजारच्या बराकीत ऐकू गेला.

"जाते. पण आधी बघा. शाळेत एकदा वाकडा गेला, तर पुन्हा तुमचा चेंडू कोण घेईल? नऊ चांगले हायत, ते पेटीत ठेवलेत. हे तुम्ही आखलेलं रिंगण, शेठ. मी नाय आखलं."

नोकरी गेली, हे तिला कळत होतं. उद्या खरवईत काय सांगायचं, तेही ठरलं नव्हतं. पण ती जागची हलली नाही.

कमळाकर मिस्त्री पुढे आला. त्यानं एक वाटी उचलली, कडक बाजूवर अंगठा दाबला. दुसरी उचलली. तिसरी. त्याच्या हातांना रबर कळत होतं, ते खोटं कसं बोलणार?

"शेठ, हिला कशाला बोलता? मी फिरवले नाहीत. आठ-दहा फिरवले, मग कंटाळलो," तो खाली मान घालून म्हणाला. "हे काम माझं नाही."

शेठ त्या वाट्यांकडे बघत राहिला.

"उद्या दुपारतक किती होतील?" शेवटी त्यानं विचारलं.

"आधी रजिस्टर आणा," सगुणाबाई म्हणाली.

शेठनं रजिस्टर आणलं, टाक बुडवला आणि उजवीकडून डावीकडे भराभर सिंधीत लिहिलं. सगुणाबाईनं त्यावर बोट ठेवलं.

"मराठीत लिवा."

"तुला कुठे वाचता येतं?" शेठ चिडला.

"मना नाय येत. माझ्या पोरीला येतं. रविवारी तिला आणून दाखवणार हाय."

शेठला मराठी लिहिता येत नव्हतं. त्यानं टाक मिस्त्रीकडे दिला. मिस्त्रीनं नाव लिहिलं, मग वर पाहिलं. "काम काय लिहू?"

"भट्टी," ती म्हणाली, आणि तो ते अक्षर अक्षर लिहीपर्यंत तिथेच उभी राहिली.